डॉमिनिक डिसोझा
डॉमिनिक डिसोझा (मृत्यू : मे १९९२, मुंबई) हे गोव्यातील एचआयव्हीबाधितांच्या हक्कांसाठी लढणारे कार्यकर्ते होते. भारतात एड्सविषयक कायद्याची चर्चा त्यांच्या खटल्यापासून सुरू झाली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

बार्देस तालुक्यातील पर्रा येथे राहणारे डिसोझा वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडात नोकरीस होते. ते नियमित रक्तदान करीत आणि त्यांची बाधा रक्तदानातूनच उघडकीस आली. मात्र ही गोष्ट त्यांना कोणी समजावून सांगितली नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना बोलावून म्हापशाच्या रुग्णालयात नेले; तेथील नोंदवहीत स्वतःच्या नावापुढे लिहिलेला शब्द वाचून त्यांना आपला आजार कळला. त्यानंतर क्षयरुग्णांसाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या एका इमारतीत त्यांना पोलीस पहाऱ्यात एकटे ठेवण्यात आले. हे विलगीकरण ६४ दिवस चालले.

याला आधार होता तो गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायदा, १९८५ यातील तरतुदीचा. हा विषाणू रक्तावाटे, लैंगिक संबंधांतून आणि मातेकडून अपत्यास संक्रमित होतो, स्पर्शाने किंवा सहवासाने नव्हे, हे तेव्हाही ठाऊक होते. तरीही कायद्याने संसर्गाचा मार्ग न पाहता माणसालाच कोंडले.

डिसोझा यांच्या आई लुसी यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात या तरतुदीला आव्हान दिले. विलगीकरणाच्या भीतीने लोक चाचणी टाळतील व आजार लपवतील, हा याचिकेतील महत्त्वाचा युक्तिवाद होता. न्यायालयाने व्यक्तीच्या हक्कापेक्षा सार्वजनिक हित श्रेष्ठ मानून तरतूद वैध ठरवली. खटला चालू असतानाच सक्तीच्या विलगीकरणाची तरतूद बदलून ते ऐच्छिक करण्यात आले होते. निकाल विरुद्ध गेला तरी लढा अगदीच वाया गेला नाही तो यामुळे.

सुटकेनंतर डिसोझा यांना नोकरी सोडावी लागली. ओळख लपवणे शक्य असूनही ते उघडपणे बोलत राहिले. १९९२ मध्ये इझाबेल सांता रिटा वाझ आदी स्नेह्यांसह त्यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेची पायाभरणी केली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले व संस्थेचे काम सहकाऱ्यांनी पुढे नेले.

ओनीर दिग्दर्शित ‘माय ब्रदर... निखिल’ (२००५) हा हिंदी चित्रपट त्यांच्या जीवनावरून प्रेरित आहे. त्यातील नायक जलतरणपटू आहे. तो तपशील मात्र काल्पनिक. संमतीविना चाचणीस व भेदभावास मनाई करणारा केंद्रीय कायदा २०१७ मध्ये संमत झाला.