साने गुरुजी : अमळनेरच्या छात्रालयातून पंढरीच्या महाद्वारी

अमळनेर : बोरी नदीकाठच्या या गावाला वारकरी प्रतिपंढरपूर म्हणतात. कोकणातील पालगडचे पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली येथील प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले. जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. छात्रालयातील मुलांनी पसारा टाकला, तर गुरुजी न रागावता तो स्वतःच आवरीत. मुलांना संकोच वाटे आणि ती कामाला लागत. पुढे मोठमोठे तंटे मिटवितानाही त्यांची रीत हीच राहिली.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते कायदेभंगात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने गुरुजींनीच टिपून घेतली.

खरी कसोटी मात्र पंढरपुरात लागली. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे. सहाशे वर्षे उलटूनही त्यांच्या समाजाला विठ्ठल मंदिराची पायरी ओलांडता येत नव्हती. गुरुजी १९४६ च्या कार्तिकीलाच उपोषणास बसणार होते. सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर त्यांनी ते पुढे ढकलले आणि मधल्या काळात महाराष्ट्र पिंजून काढला. सेवा दलाचे कलापथक सोबतीला होते. कितीतरी गावांनी आपल्या विहिरी व देवळे आपणहून खुली केली. चरित्रकार हा दौरा चार ओळींत उरकतात; वास्तविक समेटाची जमीन तेथेच नांगरली गेली.

१ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. विरोध केवळ सनातन्यांचा नव्हता. गांधीजींनाही ते पसंत नव्हते. उपोषण सोडावे, असे त्यांनी कळविले. उपोषण हे प्रतिपक्षावरील दडपणच नव्हे काय, हा प्रश्न आजही रास्त आहे. समोरचा माणूस मरणाच्या दारी असताना मोकळेपणाने नकार कोण देईल? गुरुजी हटले नाहीत. मात्र मंदिरात बळाने शिरण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, बडवे मंडळींनी मंदिर खुले करण्यास संमती दिली आणि उपोषण सुटले.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर प्रायश्चित्त म्हणून गुरुजींनी पुन्हा एकवीस दिवस उपोषण केले. प्रांताप्रांतांतील दुरावा मिटावा, भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, यासाठी त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. ती आकारास येण्यापूर्वीच ११ जून १९५० रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.