केडगावची एक पंगत

एकीने राहा, असे मुलांना सांगणे सोपे. तशी वागायला जागा करून देणे अवघड. पंडिता रमाबाईंनी ती जागा केली.

त्यांचा जन्म १८५८ चा. दुष्काळाने तरुणपणीच त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण हिरावून नेली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण तिथे ख्रिस्ती माणसांमधलेच पंथभेद पाहून त्या अस्वस्थ झाल्या. कोणा एका पंथाचे जोखड त्यांनी मानेवर घेतले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या आणि १९०० मध्ये गुजरातेतल्या उपाशी मुली त्यांनी आणल्या. पुण्याजवळच्या केडगावी, ‘मुक्ती’त, निराळ्या जातींच्या आणि बोलींच्या मुली एकत्र आल्या. त्या शिकल्या, शेतात आणि मागावर राबल्या आणि एकाच चर्चमध्ये प्रार्थनेला बसल्या.

बँकेत मी पुष्कळ संयुक्त खाती उघडून दिली. नावे दोन, पैसा एक. पण सख्ख्या भावांतही कुरबुरी. म्हणून मला केडगावचे नवल वाटते.

रमाबाई संस्कृतच्या पंडिता. तरी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना त्यांनी बेताचे शिकलेल्या बाईलाही समजेल अशी सोपी भाषा धरली. ते छापण्याचे कामही मुक्तीतल्या बायकामुलींनीच केले.

१९२१ मध्ये त्यांची एकुलती लेक मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. मागे राहिल्या त्या शेकडो मुली, एकाच आईच्या.