अल्-ख्वारिज्मी : हिशेब शिकविणारा विद्वान

पालकहो, आपल्या तिसरी-चौथीतल्या मुलाला आज घरी एक संख्या लिहावयास सांगा : दोनशे पाच. वर्गात मी हा प्रयोग दर वर्षी करतो, आणि दर वर्षी काही वह्यांत २००५ असे उत्तर सापडते. मुले मठ्ठ नसतात. कानावर पडते तसे ती लिहितात. आधी दोनशे, मग पाच. रिकाम्या स्थानी शून्य कशासाठी, हे त्यांना कोणी नीट सांगितलेलेच नसते. बाराशे वर्षांपूर्वी बगदादेत एका विद्वानाने हीच गोष्ट मोठ्या माणसांना पहिल्यापासून समजावून सांगितली, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

मुहम्मद बिन मूसा अल्-ख्वारिज्मी यांचा जन्म इ. स. ७८० च्या सुमाराचा. अरल समुद्राच्या दक्षिणेकडील ख्वारिज्म प्रांतावरून त्यांना हे नाव मिळाले. त्यांचे कार्य मात्र बगदादेत झाले. खलिफा मामून (कारकीर्द ८१३ ते ८३३) यांच्या आश्रयाने तेथील बैतुल हिकमत या विद्यापीठात ते ग्रंथलेखन करीत. त्यांनी ग्रहताऱ्यांची कोष्टके तयार केली, सुमारे २४०० ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले. तो भाग येथे बाजूला ठेवू.

भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ त्यापूर्वीच, खलिफा मन्सूर यांच्या काळात, बगदादला पोहोचले होते. आपल्याकडील दहा चिन्हांची अंकपद्धती पाहून अल्-ख्वारिज्मी यांनी ८२५ च्या सुमारास तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि ही विद्या हिंदची आहे हे मोकळेपणाने नोंदविले. पुस्तकाची सुरुवात कशाने व्हावी? नऊ अंकांची ओळख, मग स्थान. एककाच्या जागेवरचा अंक डावीकडे सरकला की दहापट होतो. एखादे स्थान रिकामे असेल तर तेथे लहानसे वर्तुळ काढा, नाही तर वाचणारा एक स्थान कमी मोजील. एवढे पक्के झाल्यावरच बेरीज, वजाबाकी, दुप्पट, निमपट, गुणाकार, भागाकार. हे हिशेब धूळ पसरलेल्या पाटीवर लिहीत आणि पुसत करावयाचे. आपले आजे-पणजेही धूळपाटीवरच शिकले, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. शून्याला अरबीत सिफ्र, म्हणजे रिकामे, असे नाव पडले. इंग्रजीतला झिरो त्याच शब्दाच्या वंशातला.

विद्यार्थी मित्रांनो, त्यांचे दुसरे पुस्तक जब्र व मुकाबला यांविषयीचे. ज्याला तुम्ही घाबरता ते अल्जिब्रा हे नाव त्यातलेच. जब्र म्हणजे मोडलेले पुन्हा सांधणे. हाड बसविण्यालाही अरबीत हाच शब्द. समीकरणातील वजा पद दुसऱ्या बाजूस नेऊन पूर्ण करणे, हा झाला जब्र. या पुस्तकात क्ष नाही, य नाही, इतकेच काय, संख्याही अंकांत नसून शब्दांत आहेत! एकेक पायरी बोलून दाखविली आहे. मला तर वाटते, आपली मुले गणित तोंडाने सांगू लागली तर निम्मे काम होईल.

आणि हे सारे कोणासाठी? मीरास, वसीयत, वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खोदणे, या कामांत लोकांना जे लागते त्यासाठी. पुस्तकाचा जवळजवळ निम्मा भाग वारसाहक्काच्या उदाहरणांचा आहे. त्यातले एक पाहा. एक स्त्री मरण पावते. मागे पती, एक मुलगा आणि तीन मुली. शिवाय तिने मालमत्तेचा एक अष्टमांश व एक सप्तमांश एका परक्या माणसास देण्याची वसीयत केली आहे. कोणाला किती? आधी वसीयत वजा करा, उरलेल्याचे वीस भाग करा : पतीला पाच, मुलाला सहा, प्रत्येक मुलीला तीन. संपूर्ण मालमत्तेचे ११२० भाग मानले तर परक्याला ३००, मुलाला २४६, प्रत्येक मुलीला १२३, आणि पतीला नेमके २०५. तेथे २००५ लिहून चालणार नाही. अपूर्णांकांची बेरीज चुकली तर एखाद्या मुलीचा हक्क बुडतो. गणित परीक्षेपुरते आहे असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण घरी सोडवून पाहावे. पाचवीनंतरच्या मुलांना सोबत घ्यावे, रागावू नये.

अल्-ख्वारिज्मी इ. स. ८५० च्या सुमारास वारले. जब्राचे पुस्तक ११४५ मध्ये स्पेनमधील सेगोव्हिया येथे लॅटिनमध्ये उतरले. अंकांवरील पुस्तकाचे मूळ अरबी आज उपलब्ध नाही. लॅटिन रूप तेवढे उरले. त्याच्या आरंभी लेखकाचे नाव अल्गोरिज्मी असे आले, आणि युरोपातील लोक हिशेबाच्या या नव्या रीतीलाच त्या नावाने ओळखू लागले. संगणक शिकणारी आपली मुले अल्गोरिदम म्हणतात तेव्हा ती त्यांचेच नाव घेत असतात.