विश्लेषण : सिंदखेडच्या लखुजी जाधवांना भर दरबारात का मारले गेले? त्या खुनानंतर निजामशाहीचे काय झाले?

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेड राजा गावात पाय ठेवायला जागा नसते. जिजाऊंचा जन्म झाला तो राजवाडा, तिथली रांग, सेल्फी आणि मग परतीचा रस्ता, असा बहुतेकांचा कार्यक्रम असतो. त्याच गावात जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांची भव्य समाधी आहे. तिथपर्यंत जाणारे तुलनेने कमी. जून २०२४ मध्ये या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याचे काम सुरू असताना शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली आणि काही दिवस ही वास्तू बातम्यांमध्ये आली. मूर्तीवर भरपूर चर्चा झाली. समाधी ज्यांची आहे ते लखुजी कसे मारले गेले, हा विषय मात्र मागेच राहिला.

लखुजींचा मृत्यू रणांगणावर झाला नाही. ज्या सुलतानाच्या चाकरीत ते होते, त्याच्याच दरबारात, दौलताबादला, २५ जुलै १६२९ रोजी त्यांना ठार करण्यात आले. सोबत अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि नातू यशवंतराव हेही मारले गेले. एकाच दिवशी घरातल्या तीन पिढ्या गेल्या.

लखुजी जाधव कोण होते?

देवगिरीच्या यादवांचे वंशज, अशी सिंदखेडच्या जाधवांची ओळख सांगितली जाते. लखुजींच्या हातात सिंदखेडची देशमुखी होती आणि अहमदनगरच्या निजामशाहीत ते बडे सरदार होते. आजही या भागात सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, किनगाव राजा, मेहुणा राजा, आडगाव राजा अशी गावांची नावे दिसतात. जाधव घराण्याचा पसारा किती होता, हे कळायला नकाशावर ही नावे शोधली तरी पुरे.

त्या काळी सरदाराचे बळ दोन गोष्टींतून येत असे. एक वतन, म्हणजे देशमुखीसारखा वंशपरंपरागत हक्क. तो मातीला चिकटलेला असतो, राजा बदलला तरी सहसा टिकतो. दुसरी जहागीर. ती दरबाराकडून मिळते, तिच्या उत्पन्नातून फौज पोसायची असते आणि राजाची मर्जी फिरली की ती जाऊही शकते. लखुजींकडे दोन्ही होते. शिवाय स्वतःच्या शब्दावर घोड्यावर बसणारे हजारो स्वार होते. त्यामुळे दरबाराला त्यांची गरज वाटे आणि दरबाराला त्यांचीच भीतीही वाटे.

यात भूगोलाचाही वाटा मोठा. अहमदनगरच्या निजामशहाने १५७४ मध्ये इमादशाही संपवून वऱ्हाड घेतले. बावीस वर्षांनी, १५९६ मध्ये, अकबराच्या फौजेशी झालेल्या तहात चांदबिबीला ते मोगलांना द्यावे लागले. त्यानंतर मोगलांचे ठाणे बाळापूरला (आजचा अकोला जिल्हा), निजामशाहीचा जोर दौलताबादकडे आणि सिंदखेड या दोघांच्या मध्ये, अशी स्थिती झाली. सीमेवरच्या सरदाराला दोन्ही बाजूंनी बोलावणी येतात. लखुजींनाही आली.

बाजू बदलणे म्हणजे फितुरी होती का?

आजच्या राजकारणाच्या सवयीने पाहिले तर लखुजींची कारकीर्द पक्षांतराची यादी वाटेल. १६१५-१६ च्या सुमारास निजामशाहीचा कर्ताधर्ता मलिक अंबर याच्यावर नाराज झालेले काही सरदार बाळापूरला मोगल सेनापती शाहनवाझ खानाकडे गेले. त्यात लखुजीही होते. फेब्रुवारी १६१६ मध्ये जालन्याजवळ रोषणगावला अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी त्याची खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, जाळली. पुढे १६२१ च्या सुमारास शाहजादा खुर्रम, म्हणजे नंतरचा शाहजहान, दक्षिणेत आला, तेव्हा लखुजी पुन्हा मोगलांकडे गेले आणि या वेळी काही वर्षे तिथेच राहिले.

मोगलांनी त्यांची किंमत ओळखली होती. मनसबदारीत दोन आकडे असत : जात म्हणजे दर्जा आणि पगार ठरवणारा आकडा, स्वार म्हणजे बाळगायच्या घोडेस्वारांचा आकडा. शाहजहानच्या दरबारी इतिहासानुसार लखुजी, त्यांची मुले, नातू आणि नातलग यांच्या मनसबी मिळून २४,००० जात आणि १५,००० स्वार इतक्या होत्या. दक्षिणेतल्या एका घराण्यासाठी हा फार मोठा आकडा. इतके स्वार एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला गेले की लढाईचा निकालच बदलतो.

फितुरी हा शब्द इथे घाईचा ठरतो. त्या काळी सरदार आणि सुलतान यांच्यात लेखी, दोघांनाही बांधणारा असा करार नव्हता. पगार थकला, जहागीर काढली, मानपान कमी झाला तर दाद कोणाकडे मागायची? सुलतानच न्यायाधीश आणि सुलतानच प्रतिवादी. अशा वेळी सरदाराच्या हातात एकच साधन उरते : निघून जाणे.

इंग्लंडमध्ये राजा जॉनचे वाकडे आधी पोपशी आले. कँटरबरीचा आर्चबिशप कोण, या वादात १२०९ मध्ये त्याला धर्मबहिष्कृत करण्यात आले आणि १२१३ मध्ये त्याने माघार घेतली. मग सरदार एकत्र आले आणि जून १२१५ मध्ये रनीमेडच्या कुरणात त्यांनी त्याच्याकडून मॅग्ना कार्टावर मोहोर उठवून घेतली. त्याच पोपने काही आठवड्यांत ती सनद रद्दबातल ठरवली, ही गोष्ट वेगळी. पण तिथे राजाला अडवणारी एक धर्मसंस्था होती आणि निदान काही काळ एकजुटीने उभे राहिलेले सरदार होते. दख्खनमध्ये सुलतान आणि सरदार यांच्या मध्ये उभी राहील अशी चर्चसारखी संस्था नव्हती. आणि सरदारांची एकजूट? ती तर व्याह्या-व्याह्यांतही टिकली नाही.

खंडागळ्यांचा हत्ती आणि दोन घराण्यांतले वैर

जिजाऊंचा विवाह वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजी यांच्याशी झाला. रंगपंचमीला लखुजींनी सहज काढलेल्या उद्गारावरून हे लग्न ठरल्याची गोष्ट बखरींमुळे घरोघरी पोहोचली आहे. ती जशीच्या तशी खरी मानण्याचे कारण नाही. मात्र दोन मराठा सरदार घराणी सोयरिकीने जोडली गेली, हे खरे.

पुढचा प्रसंगही बखरीतलाच. निजामशाही दरबार सुटताना खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला, माणसे तुडवू लागला. लखुजींचे पुत्र दत्ताजी त्याच्यावर धावून गेले. हत्तीच्या बचावाला विठोजी भोसल्यांचा मुलगा संभाजी, म्हणजे शहाजींचा चुलतभाऊ, पुढे आला. चकमकीत दत्ताजी मारले गेले. बातमी कळताच लखुजी माघारी फिरले आणि त्यांच्या हातून संभाजी मारला गेला. मध्ये पडलेले जावई शहाजीही जखमी झाले. तपशिलांबद्दल शंका घेता येते, पण पुढे जे घडले त्यात दोन्ही घराणी समोरासमोर दिसतात. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशहा यांच्या एकत्रित फौजेचा धुव्वा उडवला. त्या लढाईत शहाजी अंबरच्या बाजूने होते, लखुजी मोगलांच्या. याच लढाईत शहाजींचे सख्खे भाऊ शरीफजी पडले. त्या काळात जिजाऊंचे माहेर आणि सासर एकमेकांवर तलवार चालवत होते.

मग लखुजी परत का आले?

मे १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. त्याने अनेक वर्षे सुलतानाला नावापुरते तख्तावर बसवून राज्य स्वतः चालवले होते. तो गेल्यावर निजामशहाला स्वतः राज्य करायचे होते, अंबरचा मुलगा फत्तेखान याला वडिलांची जागा हवी होती आणि हबशी सरदार हमीदखानाला फत्तेखान नको होता. निजामशहाने फत्तेखानाला कैदेत टाकले आणि कारभार हमीदखानाच्या हाती गेला.

याच सुमारास मोगलांकडूनही एक विचित्र व्यवहार झाला. दक्षिणेचा मोगल सुभेदार खानजहान लोदी याने तीन लाख होन घेऊन बालाघाटचा मुलूख निजामशहाला परत देऊन टाकला. दिल्लीत बादशहा बदलत होता आणि दक्षिणेतला मोगल अंमल ढिला पडला होता. लखुजी मोगलांची चाकरी सोडून पुन्हा निजामशाहीकडे आले ते या पार्श्वभूमीवर. वतन ज्याच्या हद्दीत जाईल त्याच्याशी जुळवून घ्यायचे, हा सीमेवरच्या देशमुखाचा साधा हिशेब यामागे असावा.

निजामशहाचा हिशेब वेगळा होता. जो माणूस आज आला तो उद्या जाणार आणि जाताना हजारो स्वार घेऊन जाणार, हीच शंका त्याच्या मनात बळावली. लखुजी सुलतानाची कैद चुकवून निघून गेले असते तर ते थेट शाहजहानकडेच गेले असते, हा अंदाज चुकीचाही नव्हता.

त्या दिवशी काय घडले?

मोगल दरबारी इतिहासानुसार मूळ बेत लखुजींना पकडण्याचा होता. ते मुलांसह दरबारात आले तेव्हा आधीच दबा धरून बसलेली माणसे त्यांच्यावर तुटून पडली. लखुजी आणि त्यांच्या मुलांनी बांधून घ्यायला नकार दिला, तलवारी उपसल्या आणि लढता लढता ते मारले गेले. मुजऱ्याला आलेल्या सरदाराची तयारी किती असणार? चौघे आणि समोर अख्खा दरबार.

लखुजींच्या पत्नी त्या वेळी दौलताबादजवळच होत्या. बातमी कळताच त्यांनी आणि उरलेल्या कुटुंबीयांनी उशीर न करता सिंदखेड गाठले. लखुजींचे भाऊ जगदेवराव आणि पुत्र बहादूरजी यांनी लगेच शाहजहानशी संधान बांधले. बादशहाने जुने सोडून दिले आणि त्यांना मोठ्या मनसबी दिल्या. म्हणजे जे टाळण्यासाठी खून केला, तेच खुनानंतर काही महिन्यांत घडले. जाधवांची फौज मोगलांकडे गेली, आणि आता तिच्या मनात सूडही होता.

शहाजींनीही निजामशाही सोडली. सासऱ्याशी वैर असले तरी आज लखुजींवर आलेली वेळ उद्या आपल्यावर येऊ शकते, हे त्यांना कळले असणार. १६३० मध्ये त्यांनी पाच हजारी मनसब घेतली. जिजाऊ त्या काळात शिवनेरीवर होत्या, गरोदर होत्या. वडील, दोन भाऊ आणि भाचा गेल्यावर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

निजामशहाकडे आता विश्वासाचे माणूस उरले नाही. ऑक्टोबर १६२९ मध्ये आग्र्याहून पळालेला खानजहान लोदी त्याच्या आश्रयाला आला. त्याच्या पाठलागाच्या निमित्ताने शाहजहान स्वतः १६३० मध्ये बऱ्हाणपुरात येऊन बसला. त्यात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. हतबल झालेल्या निजामशहाने ज्याला कैदेत टाकले होते त्या फत्तेखानालाच बाहेर काढले. फत्तेखानाने लखुजींच्या खुनाला तीन वर्षे व्हायच्या आत निजामशहालाच मारले आणि एका लहान मुलाला तख्तावर बसवले. जून १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. तोवर मोगलांची चाकरी सोडलेल्या शहाजींनी आणखी एका मुलाला गादीवर बसवून निजामशाही जिवंत ठेवण्याचा प्रयत्न केला. तो १६३६ मध्ये माहुलीला संपला.

जाधव घराण्याचे पुढे काय झाले?

सिंदखेडकर जाधवांच्या काही शाखा मोगलांकडे राहिल्या. पण दरबारात मारल्या गेलेल्या अचलोजींची शाखा भोसल्यांकडे आली. याच शाखेतले धनाजी जाधव पुढे मराठ्यांचे सेनापती झाले आणि औरंगजेबाच्या फौजांना त्यांनी वर्षानुवर्षे दमवले.

१७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू महाराज परतले, तेव्हा महाराणी ताराबाईंनी त्यांना अडवायला धनाजींना पाठवले. पुणे जिल्ह्यातल्या खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. तिथे धनाजी आपल्या फौजेसह शाहूंना जाऊन मिळाले.