एक्स्प्लेनर : इमारतींच्या आधी नालासोपारा खणणारे पंडित भगवानलाल इंद्रजी कोण होते?

भाईंदरहून विरार लोकल पकडली की तिसरं स्टेशन नालासोपारा. पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत एक विटांचा स्तूप आहे. गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ च्या एप्रिलमध्ये तो खणला भगवानलाल इंद्रजी यांनी.

त्यांचा जन्म १८३९ चा, जुनागडचा. गिरनारच्या पायथ्याशी असलेला अशोकाचा शिलालेख वाचायचा, या हट्टापायी मुलगा ब्राह्मी लिपी शिकला. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्याला बोलावून घेतलं आणि मग लेण्यांपासून नेपाळपर्यंत पायपीट सुरू झाली. इंग्रजीत लिहिण्याचा सराव नव्हता. टिपणं गुजरातीत असत, भाषांतर इतर अभ्यासक करत. तरीही नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

सोपाऱ्यात काय सापडलं?

स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याभोवती बुद्धाच्या आठ छोट्या मूर्ती. करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, सगळ्यात आत सोन्याचा. आणि सोन्याच्या डबीत? मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असं पंडितजींचं मत होतं. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं. त्याच वर्षी भातेला तलावाजवळ अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडाही हाती लागला.

मला स्वतःला सोन्यापेक्षा त्यांची पद्धत मोठी वाटते. काय, कुठे, कशाच्या आत होतं, हे त्यांनी क्रमाने नोंदवलं. त्याच निबंधात साष्टीतल्या पडण टेकडीचीही नोंद आहे. मिरा-भाईंदर याच साष्टीत येतं.

आज टॉवर उभारण्याआधी अशी तपासणी होते का?

सरसकट नाही. १९५८ चा कायदा आणि २०१० ची दुरुस्ती केंद्राच्या संरक्षित स्मारकांपुरती आहे : भोवती १०० मीटर बांधकामबंदी, पुढचे २०० मीटर परवानगीने. त्यापलीकडची, कोणी नोंदवलेलीच नसलेली जमीन या नियमात येत नाही. ब्रिटनमध्ये १९९० पासून नियोजनाच्या धोरणातच बांधकामाआधीच्या पुरातत्त्वीय तपासणीचा विचार होतो आणि खर्च साधारणपणे विकासकावर पडतो. आपल्याकडे पायलिंगआधी बोअर मारून माती तपासतात, पण ती भार पेलेल का हे पाहायला. नळीतून खापराचा तुकडा वर आला तर तो कोणाला दाखवायचा, हे आम्हाला इंजिनीअरिंगला कोणी शिकवलं नाही.

पंडितजी १६ मार्च १८८८ रोजी वाळकेश्वरला वारले, पन्नाशीही न गाठता. सोपाऱ्याचे करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात मिळाला तो १९५६ मध्ये, त्यांच्यानंतर ६८ वर्षांनी.