इब्ने नफीस : हृदयाच्या पडद्याला भोकं नाहीत, असं लिहिणारा हकीम

इब्ने सीना यांचं नाव आपल्या घराघरात माहीत आहे. पण त्यांच्या ‘अल-कानून’ या ग्रंथात हृदयाबद्दल चुका आहेत, असं अदबीनं पण ठामपणे लिहिणाऱ्या हकिमाचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. अलाउद्दीन इब्ने नफीस. जन्म १२१३ च्या सुमारास, दमास्कसजवळ. तिथल्या नूरी बीमारिस्तानात, म्हणजे इस्पितळात, ते तिब्ब शिकले. पुढे काहिराला गेले आणि तिथलेच झाले. दिवसा रुग्ण बघायचे, मदरशात शाफई फिकह शिकवायचे. आपल्या कोकणातल्या मुस्लिमांचा जो मसलक, तोच त्यांचा.

त्या काळी हजार वर्षांपासून जालीनूस या ग्रीक वैद्याचा शब्द प्रमाण होता. हृदयाच्या उजव्या आणि डाव्या कप्प्यांमध्ये जो पडदा आहे, त्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात आणि त्यातून रक्त डावीकडे झिरपतं, असं त्यानं सांगितलं होतं. इब्ने सीनांनीही त्याला धक्का लावला नाही. इब्ने नफीस यांनी १२४२ मध्ये, तिशीच्या आत, ‘कानून’मधल्या शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिलं. पडदा जाड आणि भरीव आहे, भोकं नाहीत, दिसणारी नाहीत आणि न दिसणारीही नाहीत. मग रक्त जातं कुठून? उजव्या कप्प्यातून फुफ्फुसात, तिथे हवेशी मिसळून परत डाव्या कप्प्यात. हृदयाला स्वतःचं पोषण त्याच्याच अंगातून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतून मिळतं, हेही त्यांनी लिहिलं.

इथे एक गोष्ट साफ सांगायला हवी. सगळ्या शरीरातलं रक्ताभिसरण त्यांनी शोधलं, असे मेसेज फिरतात. तसं नाही. त्यांनी हृदय ते फुफ्फुस हा फेरा सांगितला. पूर्ण फेरा १६२८ मध्ये विल्यम हार्वे यांनी मांडला. पण इब्ने नफीस यांचं काम एवढ्यानं लहान होत नाही.

कारण आज हृदय निकामी होऊ लागलेल्या माणसाचा इलाज त्याच वाटेवर उभा आहे. डावी बाजू थकली की रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं, तिथे पाणी भरतं. उजवी थकली की पाय सुजतात. रात्री आडवं पडलं की दम लागतो, दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही, अशा अब्बांना घरचे दमा समजून वाफ देत बसतात. तो दमा नसून हृदयाचा त्रास असू शकतो.

सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे मोठ्या झटक्यानंतरचा ‘कार्डिओजेनिक शॉक’. हृदय रक्त ढकलूच शकत नाही. बीपी पडतं, हातपाय गार होतात, लघवी कमी होते, माणूस भ्रमल्यासारखा बोलतो. तेव्हा एक-एक मिनिट मोलाचं. बंद पडलेली रक्तवाहिनी, तीच हृदयाला पोसणारी, अँजिओप्लास्टीनं उघडतात, सलाईनमधून बीपी धरून ठेवणारी औषधं देतात, गरज पडली तर पंप लावतात. काही रुग्णांत शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुफ्फुसाच्या धमनीत सरकवून दाब मोजतात. १९७० पासूनची ही पद्धत. नळी जाते ती वाट मात्र साडेसातशे वर्षांपूर्वी काहिरात लिहून ठेवलेली.

ते लिखाण जगाच्या नजरेआडच राहिलं. १९२४ मध्ये मुहियुद्दीन ततावी या मिसरी डॉक्टरनं बर्लिनच्या ग्रंथालयातलं हस्तलिखित वाचलं, तेव्हा सगळे चकित झाले. आपल्याकडे मात्र त्यांचं दुसरं पुस्तक, ‘मूजज अल-कानून’, युनानीचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले. १८२८ मध्ये ते कलकत्त्याला छापलंही गेलं होतं.

वैद्यकाचा एक प्रचंड कोश ते लिहीत होते. ३०० खंडांचा बेत होता, ८० च्या आसपास झाले.

१२८८ मध्ये (हिजरी ६८७) ते आजारी पडले. सोबतच्या हकिमांनी औषध म्हणून थोडी शराब घ्यायला सांगितली. पोटात शराब घेऊन अल्लाहसमोर जायचं नाही, म्हणून त्यांनी नकार दिला, असं चरित्रकार सांगतात. त्यांनी आपलं घर आणि सगळी पुस्तकं काहिराच्या मन्सूरी इस्पितळाला दिली. ते इस्पितळ उघडून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती.