मत द्यायचा हक्क नव्हता, तरी गोखल्यांनी रेल्वेच्या पैशाचा हिशोब मागितला

दरवर्षी १ फेब्रुवारीला केंद्राचं बजेट आलं की आपल्याकडे सोशल मीडियावर एक प्रश्न हमखास फिरतो. आपल्या भागातल्या रेल्वेला किती पैसे मिळाले? मग कुणी जुन्या घोषणा शोधून काढतं, कुणी खासदारांना टॅग करतं, कुणी आकड्यांचे स्क्रीनशॉट टाकतं.

रेल्वेचा पैसा आपला आहे, त्यामुळे तो कुठे जातो हे विचारायचा हक्कही आपला आहे, असं आज आपण धरूनच चालतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वी तसं नव्हतं. रेल्वे कुठे जाणार, किती खर्च होणार आणि तूट कोण भरणार हे ठरायचं लंडन आणि कोलकात्यात. ज्यांच्या करातून हे सगळं चालायचं त्यांना कुणी विचारत नव्हतं.

तेव्हा पुण्याच्या एका प्राध्यापकाने सरकारचेच आकडे घेऊन सरकारलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांचं नाव गोपाळ कृष्ण गोखले. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना महात्मा गांधींचे राजकीय गुरू म्हणून भेटतो आणि पुढचं पान उलटतो. त्यांचं बजेटचं काम मात्र तसंच मागे राहतं.

आठ रुपयांवर झालेलं शिक्षण

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावचा. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागलमध्ये नोकरीला होते. गोपाळ १३ वर्षांचा असताना ते गेले आणि घराचा भार थोरला भाऊ गोविंद याच्यावर आला.

गोविंदरावांनी स्वतःचं शिक्षण सोडलं आणि महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाला शिक्षणासाठी पाठवायचे. त्या पैशांवर गोपाळ शिकला आणि १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाला.

पदवीनंतर सरकारी नोकरी किंवा वकिली हे सोपे रस्ते होते. गोखले पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. गणित शिकवता शिकवता त्यांनी अंकगणिताचं पाठ्यपुस्तकही लिहिलं. आकड्यांशी असलेली ही दोस्ती त्यांना आयुष्यभर पुरली.

हिशोब वाचायला शिकवणारे दोन गुरू

पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. तिचा एक नियम भारी होता. सभासद व्हायचं तर किमान ५० लोकांचं मुखत्यारपत्र आणावं लागायचं. म्हणजे देशात निवडणुका नव्हत्या त्या काळात ही मंडळी लोकांच्या सह्या घेऊन लोकांच्या वतीने बोलायची.

या सभेचे मार्गदर्शक होते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. गोखले विशीत त्यांच्या हाताखाली आले आणि सभेच्या त्रैमासिकाचं काम बघू लागले. रानडे त्यांच्यापुढे सरकारी अहवालांचे गठ्ठे ठेवायचे, त्यातून मुद्दे काढायला लावायचे आणि पसंत पडेपर्यंत मजकूर पुन्हा लिहायला लावायचे.

सरकार आपले अर्ज वाचतही नाही, मग एवढी मेहनत कशाला, असं तरुण गोखल्यांना वाटायचं. रानड्यांचं उत्तर वेगळं होतं. हे अर्ज नावापुरते सरकारसाठी आहेत, खरे ते लोकांसाठी आहेत, कारण अशा बाबतीत विचार कसा करायचा हे लोकांना शिकायचं आहे.

दुसरे गुरू गणेश व्यंकटेश जोशी. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी वेगळे, हे वेगळे. हे जोशी सरकारी शाळेत शिक्षक होते आणि सरकारी जमाखर्चाचा त्यांचा अभ्यास जबरदस्त होता. पुढे गोखल्यांच्या गाजलेल्या भाषणांमागे आकड्यांचं बरंचसं काम या जोशींचं असायचं.

रेल्वेचं गणित नेमकं काय होतं?

भारतात सुरुवातीची रेल्वे बांधली ती लंडनमध्ये नोंदलेल्या खासगी कंपन्यांनी. सरकारने या कंपन्यांना भांडवलावर साधारण ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. रेल्वेने तेवढं कमावलं नाही तर फरक भारताच्या तिजोरीतून भरला जायचा.

यातली गोम लक्षात घ्या. खर्च कितीही वाढला तरी कंपनीच्या भागधारकांचं नुकसान होत नव्हतं, त्यामुळे काटकसर करायचं कारणही नव्हतं. फायदा झाला तर त्यात त्यांचा वाटा, तोटा झाला तर तो भारतातल्या करदात्याचा. नंतर सरकार स्वतः रेल्वे बांधू लागलं, जुन्या कंपन्या विकत घेऊ लागलं, पण एकोणिसावं शतक संपेपर्यंत रेल्वे हा एकूणात तिजोरीवरचा बोजाच राहिला.

त्याच वेळी शेतीच्या पाण्यावरचा खर्च तुलनेने अगदी कमी होता. १९०० च्या आसपास रेल्वेत गुंतलेलं भांडवल पाटबंधाऱ्यांच्या साधारण नऊ-दहा पट होतं. दुष्काळ मात्र येतच होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मुंबई इलाख्याचं कंबरडं मोडलं.

दुष्काळाचा पैसा रेल्वेच्या व्याजाला

भारताच्या खर्चाची चौकशी करायला ब्रिटिश सरकारने १८९५ मध्ये वेल्बी कमिशन नेमलं. १८९७ मध्ये गोखले लंडनला जाऊन या कमिशनपुढे साक्षीला उभे राहिले. वय होतं ३०. समोर इंग्लंडचे मुरलेले अधिकारी, आणि त्यांनी घेतलेली कसून उलटतपासणी.

गोखल्यांनी तिथे दुष्काळ विमा निधीचा मुद्दा काढला. १८७७-७८ च्या सुमारास दुष्काळासाठी म्हणून लोकांवर जादा कर बसवून वर्षाला दीड कोटी रुपये बाजूला ठेवायचं ठरलं होतं. पण या निधीतला पैसा बंगाल-नागपूर रेल्वे आणि इंडियन मिडलँड रेल्वे यांच्या व्याजापोटी वळवला जात होता. दुष्काळात या मार्गांचा उपयोग होईल, हा त्यामागचा सरकारी युक्तिवाद.

दुसरा मुद्दा लांबीचा. १८८० च्या दुष्काळ आयोगाने देशाला सुरक्षित करायला सुमारे २० हजार मैल रेल्वे लागेल असं म्हटलं होतं. शतक संपता संपता हा टप्पा कधीच मागे पडला होता. मग दुष्काळाचं नाव पुढे करून रेल्वेवरच पैसा का ओतायचा, असा हा प्रश्न होता.

तिसरी मागणी सगळ्यात मूलभूत. कायदेमंडळातल्या लोकप्रतिनिधींना बजेटवर मत देता आलं पाहिजे.

पुराव्याशिवाय बोलल्याची किंमत

लंडनमध्ये असतानाच एक वाईट प्रसंग घडला. पुण्यात प्लेगच्या काळात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांच्या बातम्या त्यांना पत्रांतून कळल्या आणि त्यांनी त्या तिथल्या वृत्तपत्रात जाहीरपणे मांडल्या. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रं लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते आणि गोखल्यांना त्यांची नावं सांगायची नव्हती.

शेवटी त्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांच्यावर सडकून टीका झाली, भित्रे ठरवले गेले. या घटनेचा डाग बरीच वर्षं त्यांच्यामागे राहिला. यानंतरचे गोखले बघितले तर एक गोष्ट दिसते. सरकारला खोडता येणार नाही असा आकडा हातात घेऊनच ते उभे राहायचे.

२६ मार्च १९०२, कोलकाता

फिरोजशहा मेहतांनी जागा सोडल्यावर १९०१ मध्ये मुंबई कायदेमंडळातल्या बिनसरकारी सभासदांनी गोखल्यांना व्हाइसरॉयच्या कायदेमंडळावर निवडून दिलं. 'नामदार गोखले' हे नाव याच पदामुळे रूढ झालं.

पण या सभासदांना अधिकार किती? वर्षातून एकदा बजेटवर भाषण करायचं, बस्स. बदल सुचवता येत नव्हता, मतदान नव्हतं. बजेट आधीच ठरलेलं असायचं आणि बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं असायचं. त्यामुळे ही चर्चा म्हणजे सरकारचं अभिनंदन करायचा दिवस झाला होता.

त्या वर्षी बजेटमध्ये मोठी शिल्लक होती आणि लॉर्ड कर्झनचं सरकार खुशीत होतं. गोखले उठले आणि त्यांनी या शिल्लकीवरच बोट ठेवलं.

त्यांचा मुद्दा सोप्या शब्दांत असा. भारताला दरवर्षी लंडनला पैसे पाठवावे लागायचे. रुपया घसरला तेव्हा त्यासाठी जास्त रुपये लागू लागले, म्हणून सरकारने कर वाढवले. पुढे रुपया सावरला, पण कर तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक देश श्रीमंत झाल्याची खूण नाही, ती दुष्काळाने पिचलेल्या लोकांकडून घेतलेला जादा पैसा आहे.

त्यातला सगळ्यात बोचरा कर मिठावरचा. तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता आणि सगळ्यात गरीब माणसालाही तो चुकत नव्हता.

आणि शिल्लक जायची कुठे? पुढच्या वर्षांतल्या भाषणांत गोखल्यांनी हे लावून धरलं. वर्षाच्या उत्पन्नातून उरलेला पैसा रेल्वे बांधायला वापरला जातोय. रेल्वे अनेक पिढ्या चालणार, तर तिचं भांडवल कर्जातून उभं करा, ते फेडायला वेळ आहे. करातून उरलेला पैसा शाळा, आरोग्य आणि शेतकऱ्यांसाठी ठेवा, नाहीतर कर कमी करा.

मग ते रेल्वेच्या विरोधात होते का? तसं नव्हतं. रेल्वेने दुष्काळी भागात धान्य पोचतं हे कुणी नाकारत नव्हतं आणि खुद्द गोखल्यांचं सार्वजनिक आयुष्य पुणे-मुंबई-कोलकाता या रेल्वेप्रवासातच गेलं. प्रश्न प्राधान्याचा होता. रेल्वेसाठी पैसा नेहमी सापडतो, मग शाळेची वेळ आली की तिजोरी रिकामी कशी होते?

गांधी, तिसरा वर्ग आणि पितळी उघडकीस आणणारा प्रवास

१९०२ च्याच सुरुवातीला गांधीजी कोलकात्यात महिनाभर गोखल्यांकडे राहिले होते. गोखले ट्रामने न जाता घोडागाडी वापरतात हे त्यांना खटकलं आणि त्यांनी तसं विचारलंही. ओळखीचा चेहरा झाल्यामुळे ट्रामने फिरणं अडचणीचं होतं, असं गोखल्यांनी त्यांना समजावलं.

तिथून निघताना गांधीजींनी ठरवलं की देश बघायचा तर रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून बघायचा, म्हणजे सामान्य प्रवाशाचे हाल कळतील. गोखल्यांनी आधी ही कल्पना थट्टेवारी नेली. पण हेतू कळल्यावर त्यांनी सोबत खाऊचा डबा दिला आणि गांधीजी नको म्हणत असतानाही निरोप द्यायला स्टेशनवर आले. पहिल्या वर्गाने निघाला असतात तर आलो नसतो, असंही त्यांनी सांगितलं.

ठराव पडत राहिले

काही गोष्टी हलल्या. मिठावरचा कर १९०३ मध्ये दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीडवर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. १९०३ मध्येच प्राप्तिकराची सूट ५०० वरून १००० रुपये उत्पन्नापर्यंत वाढली. याचं श्रेय एकट्या गोखल्यांचं नाही, पण ही मागणी सातत्याने मांडणाऱ्यांत ते सगळ्यात पुढे होते.

रेल्वेच्या बाबतीत मात्र सरकार ढिम्म. १९०५ मध्ये रेल्वे बोर्ड आलं. १९०८ मध्ये मॅके कमिटीने तर रेल्वेवर दरवर्षी सव्वा कोटी पौंड, म्हणजे तेव्हाचे पावणेएकोणीस कोटी रुपये, खर्च करायची शिफारस केली.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर सभासदांना बजेटवर ठराव मांडता येऊ लागले. ठराव मंजूर झाला तरी सरकारवर बंधन नव्हतं, आणि सरकारी बहुमतापुढे तो मंजूर होणंही कठीण होतं. तरीही गोखले खर्चकपातीचे ठराव आणत राहिले.

मग १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. अडचण काय सांगितली गेली? इतर कारणांबरोबर पैशाचीही. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झालं. बाजूने १३, विरोधात ३८.

पुण्यातले जहाल त्यांच्या या मार्गाला भिक्षेकऱ्याचं राजकारण म्हणायचे. भाषणं करून साम्राज्य ऐकत नाही, हा त्यांचा आक्षेप चुकीचाही नव्हता. दगदग आणि मधुमेहाने थकलेले गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गेले. वय अवघं ४८.

मग मिळालं काय?

गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला होता. त्यांच्यानंतर त्याचे अध्यक्ष झाले व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री. १९२० मध्ये रेल्वेच्या कारभाराची चौकशी करायला अ‍ॅक्वर्थ कमिटी नेमली गेली, तेव्हा हेच शास्त्री तिचे सदस्य होते.

या कमिटीने रेल्वेचा हिशोब सरकारच्या बाकी हिशोबापासून वेगळा करायला सांगितलं. कंपन्यांऐवजी सरकारनेच रेल्वे चालवावी असं शास्त्रींसह कमिटीतल्या काही सदस्यांचं मत होतं. रेल्वे वापरणाऱ्यांचं म्हणणं ऐकायला सल्लागार मंडळं असावीत, हीही शिफारस झाली. १९२४ मध्ये रेल्वेचं बजेट वेगळं झालं आणि ते २०१७ मध्ये पुन्हा मुख्य बजेटमध्ये आलं. आजही रेल्वेच्या झोन आणि विभाग पातळीवर प्रवाशांच्या सल्लागार समित्या आहेत. आपल्यापैकी बहुतेकांना त्यांची बैठक कधी होते हेही माहीत नसतं, हा भाग वेगळा.

गोखल्यांच्या रत्नागिरी जिल्ह्यातून रेल्वे धावायला १९९० चं दशक संपत आलं. कोकण रेल्वेसाठी केंद्राने आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ या राज्यांनी भांडवल घातलं आणि बाकीचा मोठा पैसा रोख्यांमधून, म्हणजे कर्जातून उभा केला. दीर्घकाळ चालणारी रेल्वे कर्जातून बांधा, हे गोखल्यांचं म्हणणं त्यांच्याच जिल्ह्यात असं प्रत्यक्षात आलं.

आज बजेटची कागदपत्रं मोबाईलवर फुकट मिळतात. रेल्वेच्या पिंक बुकमध्ये कोणत्या मार्गाला किती तरतूद झाली ते सापडतं, माहिती अधिकारात पुढचं विचारता येतं आणि बजेटवर मत देणारा खासदार आपणच निवडतो. गोखल्यांकडे यातलं फारसं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे होते ते सरकारी अहवाल आणि ते शेवटच्या रकान्यापर्यंत वाचायची सवय. ही सवय लावून घ्यायला आजही कुठला अधिकार लागत नाही.